पंधरा पिना, एकोणीस पिना

२००९ च्या आसपास घेतलेल्या लॅपटॉपच्या कडेला बहुधा निळ्या रंगाचं, पंधरा भोकांचं व्हीजीए पोर्ट असतं. गेल्या दोन-तीन वर्षांत घेतलेल्या टीव्हीच्या पाठीवर एचडीएमआयची दोन-तीन तोंडं असतात आणि निळं पोर्ट बहुधा नसतंच. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अशा वेळी गिऱ्हाईक एकच विचारतं, ‘ह्याला कुठली केबल लागेल?’ प्रश्न रास्त वाटतो, पण त्याने बोट चुकीच्या जागी ठेवलं जातं. सगळ्या जोडणीत केबल हा सर्वांत निष्क्रिय भाग. एका टोकाला विद्युत दाबात जे चढउतार होतात ते ती दुसऱ्या टोकाला पोचवते, त्यात कशाचंही रूपांतर करत नाही. लॅपटॉपच्या मेमरीतलं चित्र पडद्यावर उमटेपर्यंत बरीच कामं व्हावी लागतात, आणि विचारायचं ते हे की त्यातलं कुठलं काम कोण करणार. या एका प्रश्नाचा पाठपुरावा केला तर काय विकत घ्यावं हे तर कळतंच, शिवाय लॅपटॉपच्या वयाला उगाच दोष कुठे दिला जातो हेही दिसू लागतं.

व्हीजीए आलं १९८७ मध्ये, आयबीएमच्या पीएस/२ संगणकांबरोबर. त्या काळी पडदा म्हणजे काचेची पोकळ नळी. मागच्या टोकातून सुटलेले इलेक्ट्रॉनचे झोत पुढच्या काचेवर डावीकडून उजवीकडे एकेक ओळ ओढत खाली उतरायचे. झोत जितका जोरकस तितका ठिपका उजळ. या नळीला आकड्यांची गरज नव्हती, तिला सलग चढता-उतरता दाब हवा होता. म्हणून व्हीजीएच्या तीन पिनांवरून लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचे दाब जातात, प्रत्येकी शून्य ते ०.७ व्होल्टच्या दरम्यान. आणखी दोन पिनांवर ओळ संपल्याचा आणि पान संपल्याचा इशारा असतो. उरलेल्या बहुतेक पिना परतीच्या मार्गासाठी आणि पडद्याची ओळख विचारण्यासाठी. लॅपटॉपच्या आत चित्र आकड्यांतच असतं. त्या आकड्यांचे दाब करण्याचं काम ग्राफिक्स चिपमधला एक भाग करतो. म्हणजे लॅपटॉप आपल्या वाटणीचं काम इमानाने करून मोकळा होतो, फक्त ज्या पडद्यासाठी ते केलं तो पडदा आता घरात नसतो.

एचडीएमआयची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ मधली, सोनी, तोशिबा, फिलिप्स, हिताची वगैरे सात कंपन्यांनी मिळून ठरवलेली. तोवर सपाट पडदे आले होते आणि त्यांच्यात प्रत्येक ठिपक्याला त्याचा आकडा लागतो. त्यामुळे इथे एकोणीस पिनांपैकी तीन जोड्यांवरून थेट आकडेच धावतात आणि चौथी जोडी घड्याळाची असते. व्हीजीएच्या पिनेवर ०.३५ व्होल्ट असतील तर त्याचा अर्थ त्या रंगाचा मधला उजेड. एचडीएमआयच्या तारेवर एखाद्या क्षणाच्या दाबाला असा स्वतःचा अर्थ नाही; एक आणि शून्य कुठल्या क्रमाने आले यात सगळा अर्थ. आता एका टोकाला व्हीजीए, दुसऱ्या टोकाला एचडीएमआय आणि मधे नुसत्या तारा अशी केबल बाजारात स्वस्तात मिळते. ती दोन्ही बाजूंना घट्ट बसते आणि टीव्ही ‘नो सिग्नल’ म्हणतो. टीव्ही बरोबरच असतो. दाबाचे आकडे करण्याचं काम कुणी केलेलंच नाही.

ते काम करणारा कन्व्हर्टर पूर्ण एचडी चित्रासाठी प्रत्येक रंगाचा दाब सेकंदाला १४.८५ कोटी वेळा मोजतो. (पडद्यावर दिसणारे ठिपके याहून कमी, पण प्रत्येक ओळीच्या आणि पानाच्या शेवटी काही मोकळी जागा सोडलेली असते, तिचाही वेळ जमेस धरावा लागतो.) एवढी मोजणी करायला चिप लागते आणि चिपला वीज लागते. खऱ्या कन्व्हर्टरला म्हणूनच बहुधा एक यूएसबीची शेपटी असते, जी लॅपटॉपमधून पाच व्होल्ट घेते. शेपटी किंवा वीज घेण्याची दुसरी काही सोय नसेल तर संशय घ्यावा. दुसरी खूण दिशेची. काम करणाऱ्या वस्तूला आत येणारी आणि बाहेर जाणारी अशा दोन वेगळ्या बाजू असतात. नवा लॅपटॉप जुन्या प्रोजेक्टरला लावताना वापरतात तो एचडीएमआय-ते-व्हीजीए कन्व्हर्टर आकड्यांचे दाब करतो. उलटा लावून तो दाबांचे आकडे करू शकत नाही. तो शेपटीशिवाय चालतो याचं कारण एचडीएमआयच्या अठराव्या पिनेवर पाठवणाऱ्या उपकरणाकडून पाच व्होल्ट येतातच. व्हीजीएच्या बाजूला अशा हक्काच्या विजेचा भरवसा धरता येत नाही. दोन्ही डब्या दिसायला जवळजवळ जुळ्या असतात आणि गिऱ्हाइकं सर्वाधिक फसतात ती इथेच.

हाच मुद्दा उलट बाजूने तपासून पाहता येतो. केबल काम करत नाही हे खरं असेल, तर जिथे काम उरलेलंच नाही तिथे आकार कितीही वेगळा असला तरी नुसती वायर चालली पाहिजे. चालतेच. १९९९ मध्ये आलेल्या डीव्हीआयचं पांढरं, चोवीस पिनांच्या आसपासचं अवजड तोंड एचडीएमआयसारखं मुळीच दिसत नाही. पण त्याच्या आकड्यांच्या तारांवर जे धावतं तेच एचडीएमआयने पुढे उचललं, म्हणून दोघांमधली बिनचिपची साधी केबल चित्र बिनतक्रार पोचवते. डिस्प्लेपोर्टची गोष्ट आणखी मजेची. २००६ च्या या मानकात आकडे गठ्ठ्यांत बांधून पाठवतात, म्हणजे एचडीएमआयशी त्याचं जमायला नको. पण दोन अधिक चिन्हं असलेलं पोर्ट असेल तर अडॅप्टर लावल्याचं ओळखून लॅपटॉपची चिप स्वतःच एचडीएमआयच्या पद्धतीने आकडे सोडू लागते. काम लॅपटॉपने अंगावर घेतलं, म्हणून अडॅप्टर स्वस्त. २००८ नंतरच्या मॅकबुकमधलं छोटं डिस्प्लेपोर्ट याच जातीचं. फक्त २०१० च्या आधीच्या बहुतेक मॅकबुकांत त्यातून आवाज बाहेर पडत नाही. जुन्या लॅपटॉपवरच्या गोल, चार पिनांच्या एस-व्हिडिओच्या तोंडाबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या ५७६ ओळींत संगणकाची अक्षरं मावत नाहीत. सिनेमा पाहण्यापुरता त्याचा उपयोग, तोही टीव्हीला ते तोंड असेल तर.

चित्र निघण्यापूर्वी एक छोटी चौकशी होते, तिचीही नोंद घ्यायला हवी. समोरच्या पडद्याला काय काय दाखवता येतं हे लॅपटॉपला ठाऊक नसतं. त्यासाठी प्रत्येक टीव्हीत १२८ बाइटचा एक ठोकळा साठवलेला असतो, आणि एचडीएमआय असेल तर त्याला पुरवणी जोडलेली असते. कुठली रिझोल्यूशन, सेकंदाला किती चित्रं, आवाज घेता येतो की नाही, असा तपशील त्यात असतो. लॅपटॉप तो दोन बारीक तारांवरून वाचतो. वाचता आला नाही तर अंदाजाने ६४०×४८० किंवा १०२४×७६८ असं काहीतरी पाठवतो आणि भव्य पडद्यावर फुगलेली, पसरट अक्षरं येतात. मग लोक म्हणतात, लॅपटॉपला एवढा मोठा टीव्ही झेपत नाही. झेपण्याचा संबंध नसतो. चौकशीला उत्तर मिळालेलं नसतं. टीव्ही चालू करून, रिमोटने योग्य सोर्स निवडून मग केबल काढून पुन्हा लावली तर पुष्कळदा चौकशी नीट पार पडते. कन्व्हर्टर मधे असेल तर लॅपटॉपला उत्तर देण्याची जबाबदारी त्याच्यावर येते, आणि स्वस्त डब्या बरेचदा टीव्हीला न विचारता स्वतःच्या पोटातलं ठरीव उत्तर देऊन मोकळ्या होतात.

इथे पहिला आक्षेप येतो. मान्य, कन्व्हर्टरने चित्र दिसेल. पण आकड्यांचे दाब आणि दाबांचे पुन्हा आकडे असं दोनदा रूपांतर झालेलं चित्र चांगलं कसं असेल? शेवटी व्हीजीए ते व्हीजीए. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो, सॅमसंग आणि एलजी यांनी मिळून २०१५ पर्यंत ते बंद करण्याचं जाहीर केलं, ते काही उगाच नाही. आक्षेपात तथ्य आहे आणि ते नेमकं कुठे आहे तेही सांगता येतं. व्हीजीएच्या तारांवर ओळ कुठे सुरू झाली हे कळतं, पण ओळीच्या आत एक ठिपका संपून दुसरा कधी सुरू झाला हे सांगणारं घड्याळ नसतं. टाळ ऐकू येत नसताना केवळ समेवरून मधल्या मात्रा ओळखाव्यात, तसं समोरच्या चिपला एका ओळीतले हजार-दीड हजार ठिपके अंदाजाने कापावे लागतात. कापणी ठिपक्याच्या मध्यावर झाली तर चित्र स्वच्छ. ती दोन ठिपक्यांच्या सांध्यावर झाली तर उभ्या रेषा थरथरतात आणि अक्षरांना सावली येते. जुन्या टीव्हींच्या मेनूत ‘ऑटो अ‍ॅडजस्ट’ असतं ते हा अंदाज सुधारण्यासाठी. पडद्यावर पांढऱ्या पानावरचा भरगच्च काळा मजकूर ठेवून ते दाबलं तर चिपला पकडायला भरपूर कडा मिळतात. कोऱ्या निळ्या डेस्कटॉपवर दाबून फारसं काही हाती लागत नाही.

पण व्हीजीए नेहमीच हरतं असंही नाही. आपल्याकडे बत्तीस इंची ‘एचडी रेडी’ टीव्ही बेसुमार खपले. त्यांतल्या बहुतेकांच्या काचेवर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात. हा आकडा प्रक्षेपणाच्या कुठल्याच ठरीव मापात बसत नाही. एचडीएमआयच्या चौकशीला असे अनेक टीव्ही ‘मला १२८०×७२० किंवा १९२०×१०८० द्या’ एवढंच सांगतात आणि आलेलं चित्र ताणून किंवा आवळून काचेवर बसवतात. यात सिनेमाचं काही बिघडत नाही, बारीक अक्षरं मात्र मऊ पडतात. त्याच टीव्हीच्या निळ्या पोर्टाला १३६०×७६८ पाठवलं तर बाजूचे सहा ठिपके काळे राहून उरलेले एकास एक जुळतात. (१३६६ ला आठने भाग जात नाही, आणि जुन्या ड्रायव्हरांना आठच्या पटीत मोजायची सवय, म्हणून १३६०.) म्हणजे ज्या जोडणीला आपण मागास म्हणतो तिच्यावर मजकूर जास्त रेखीव दिसू शकतो, कारण ताणण्या-आवळण्याचं एक अख्खं काम तिथे टळतं. फोर-के टीव्हीची भीती तर अगदीच अनाठायी. ३८४०×२१६० ही पूर्ण एचडीची दोन्ही बाजूंनी नेमकी दुप्पट आहे. लॅपटॉपने १९२०×१०८० पाठवलं की टीव्ही एका ठिपक्याच्या जागी चार भरतो. आणि पूर्ण एचडीला लागणारा १४८.५ मेगाहर्ट्झचा वेग एचडीएमआयच्या पहिल्याच आवृत्तीच्या १६५ मेगाहर्ट्झच्या मर्यादेत बसत होता. त्यामुळे एचडीएमआय असलेल्या जुन्या लॅपटॉपसाठी ‘२.१’ छापलेली महागडी केबल घेतली तर पैसे दुकानदाराकडे जातात, चित्रात काही येत नाही.

टीव्ही न सांगता काही कामं करतो, ती संगणकाच्या चित्राला मारक ठरतात. टास्कबार अर्धा कापला जाणं हे त्यातलं सर्वांत परिचित. काचेच्या नळीच्या काळात चित्राच्या कडा वाकड्या-अस्पष्ट असत, म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा चौकटीआड ढकलण्याची रीत पडली. सपाट काचेला वाकड्या कडाच नाहीत, तरी रीत चालू राहिली. उपाय टीव्हीच्या मेनूत असतो. कंपनीनुसार त्याचं नाव जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट, फुल पिक्सेल, डॉट बाय डॉट असं काहीही. पुष्कळ जण उलट लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र लहान करतात. कडा दिसू लागतात, पण आता लॅपटॉप आवळतोय आणि टीव्ही ताणतोय, आणि या ओढाताणीत अक्षरांचा बळी जातो. जे काम मुळात नको आहे ते करणाऱ्याकडेच बंद करावं. काळा रंग राखाडी दिसणं किंवा गडद भागातला तपशील बुडणं याची मुळंही अशीच जुनी. प्रक्षेपणासाठी १९८२ मध्ये ठरलेल्या डिजिटल मानकात काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५; संगणकात शून्य आणि २५५. दोघांनी वेगवेगळी मोजपट्टी धरली की रंग घसरतात. अनेक टीव्हींमध्ये त्या इनपुटला ‘पीसी’ असं नाव दिलं की टीव्ही यातली बरीच लुडबुड आपणहून थांबवतो. नाव बदलल्याने चित्र बदलतं हे कुणाला सांगून पटत नाही, पण ते करून पाहायला रिमोटपलीकडे काही लागत नाही.

आवाजाची बाब थोडक्यात. व्हीजीएत आवाजाची तारच नाही, म्हणून हेडफोनच्या भोकातून वेगळी वायर कन्व्हर्टरला किंवा टीव्हीला न्यावी लागते. एचडीएमआय असूनही आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर विंडोजच्या आवाजाच्या यादीत टीव्ही निवडायचा राहिलेला असतो. वेगळ्या वायरीतून हुंकारासारखा घुमणारा आवाज आला तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा. आवाज थांबला तर दोष चार्जरचं अर्थिंग आणि टीव्हीकडचं अर्थिंग यांच्यात तयार झालेल्या वेटोळ्याचा आहे, लॅपटॉपचा नाही.

कन्व्हर्टर नको, यूएसबीतून चित्र काढू, असं सुचवणारे असतात. इथे हिशोब मांडावा. पूर्ण एचडीचे २०,७३,६०० ठिपके, प्रत्येकी २४ बिट, सेकंदाला ६० वेळा : जवळजवळ तीन अब्ज बिट. जुन्या लॅपटॉपच्या यूएसबी २.० ची कमाल मर्यादा सेकंदाला ४८ कोटी बिट, म्हणजे गरजेच्या सहाव्या हिश्शाहून कमी. अशा अडॅप्टरचा ड्रायव्हर म्हणूनच चित्र आवळून पाठवतो आणि ते आवळण्याचं काम लॅपटॉपच्या प्रोसेसरवर पडतं. जमाखर्चाचे तक्ते दाखवायला हे पुरेल, सिनेमाला नाही. वायरलेसचंही तेच. २०१२ मध्ये आलेल्या मिराकास्टमध्ये लॅपटॉपला आपलं चित्र चालू असतानाच आवळून हवेतून सोडावं लागतं. विंडोजमध्ये त्याची सोय ८.१ पासून, आणि तीही वायफाय व ग्राफिक्सचे ड्रायव्हर त्या तोडीचे असतील तरच. तार दिसत नाही म्हणून पद्धत सोपी वाटते. वास्तविक तारेने वाचवलेलं सगळं काम तिथे सर्वांत अशक्त गड्याच्या माथी मारलेलं असतं.

जुन्या लॅपटॉपची खरी मर्यादा कळते ती या वाटेने. पोर्टातून चित्र बाहेर काढणं त्याला जड नाही. पोर्टाशी पोचण्याआधी व्हिडिओ उलगडणं जड आहे. व्हिडिओची फाईल आवळलेली असते आणि तिच्यातून सेकंदाला २५-३० पूर्ण चित्रं उभी करायची असतात. २००३ मध्ये प्रमाणित झालेली एच.२६४ ही पद्धत उलगडणारे खास भाग साधारण २००८ पासून लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपमध्ये येऊ लागले. त्याच वर्षीची अ‍ॅटम प्रोसेसरवाली छोटी नेटबुकं मात्र त्याविना होती, म्हणून पूर्ण एचडी फाईलपुढे ती गुडघे टेकतात. पुढे यूट्यूबने व्हीपी९ ही पद्धत स्वीकारली. ती पूर्णपणे उलगडणारा भाग इंटेलच्या चिपमध्ये २०१६ च्या पिढीपासून आहे. त्यामुळे २०१२ चा चांगला लॅपटॉप डिस्कवरचा एच.२६४ सिनेमा सहज दाखवतो आणि तेवढ्याच रिझोल्यूशनचा यूट्यूबचा व्हिडिओ लावला की पंखा घरघरू लागतो. टीव्ही तोच आणि केबलही तीच. यावर यूट्यूबचं रिझोल्यूशन ७२० वर आणणं हा एक उपाय, ब्राउझरला एच.२६४ च मागायला लावणारं एखादं छोटं एक्स्टेन्शन बसवणं हा दुसरा. माझ्या मते दुसरा जास्त चांगला, कारण त्यात जे काम करायची चिपला सवय आहे तेच तिला मिळतं.

एक काम मात्र कुठलाही कन्व्हर्टर करू शकत नाही आणि ते तांत्रिक नाही. इंटेलने तयार केलेल्या एचडीसीपी या व्यवस्थेत चित्र पाठवणारा समोरच्याकडे ओळखपत्र मागतो. ते मिळालं तर चित्र कुलूपबंद करून पाठवतो, नाही तर अडवतो. व्हीजीएच्या तारांवर असं कुलूप लावायची सोयच नाही. त्यामुळे पैसे भरून घेतलेल्या सेवेचा सिनेमा व्हीजीएवर काळा पडू शकतो किंवा कमी रिझोल्यूशनमध्ये येऊ शकतो, आणि दोष पुन्हा लॅपटॉपच्या म्हातारपणावर ढकलला जातो. लक्षात ठेवण्याजोगं हे की ओळखपत्र टीव्ही मागत नाही, पाठवणारा मागतो. आपल्याच फायली, आपलेच फोटो, कुणी कुलूप न लावलेले व्हिडिओ यांना या सगळ्याचा कसलाही अडथळा नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत जोरदार. एवढी यातायात कशासाठी? टीव्हीत ॲप्स आहेतच, नसतील तर एचडीएमआयला लावायची स्ट्रीमिंग स्टिक मिळते. तिचा चार्जर पाच वॅटच्या आसपासचा, लॅपटॉपचा ६५ किंवा ९० वॅटचा. शिवाय विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले, विंडोज १० चे नेहमीचे १४ ऑक्टोबर २०२५ ला. यातलं बहुतेक सगळं खरं आहे. विजेचा भाग थोडा फुगवलेला : चार्जरवरचा आकडा कमाल क्षमतेचा असतो, सिनेमा दाखवताना लॅपटॉपने ३० वॅट घेतले असं धरून रोज तीन तास चालवला तरी महिन्याचे २.७ युनिट होतात. सुरक्षिततेचा भाग अजिबात फुगवलेला नाही. असा लॅपटॉप बँकेच्या व्यवहाराला वापरूच नये. एक तर तो इंटरनेटपासून तोडून ठेवावा किंवा त्यावर लिनक्स बसवावं. आणि पाहायचं ते फक्त ॲपमधलं असेल तर स्टिक घ्यावी, वाद नाही. त्यात उलगडण्याचं काम त्याच कामासाठी बनवलेल्या चिपकडे जातं आणि हा हिशोब लॅपटॉपला जिंकता येणार नाही.

पण घरातलं सगळं ॲपमध्ये नसतं. दोन हजार ते दोन हजार पंधरा या काळातली लग्नं, मुंजी, शाळांची स्नेहसंमेलनं व्हीसीडीवर आणि डीव्हीडीवर आहेत. स्टिकला डिस्क घालायची जागा नाही, टीव्हीला नाही, नव्या लॅपटॉपलाही बहुधा नाही, जुन्याला आहे. फायली पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावल्या तरी व्हीसीडीच्या ‘डॅट’ आणि डीव्हीडीच्या ‘व्हीओबी’ फायली पुष्कळ टीव्ही ओळखत नाहीत. आणि या सामग्रीपुढे व्हीजीएवरचा पहिला आक्षेप उरतच नाही. पाल व्हीसीडीचं चित्र ३५२×२८८, डीव्हीडीचं ७२०×५७६. मुळात एवढेच ठिपके असताना दोनदा रूपांतर होऊन त्यातलं गमवायला फारसं काही नाही.

उलट इथे जुना लॅपटॉप एक काम असं करू शकतो जे सहसा कुणी त्याला सांगत नाही. पाल डिस्कवर सेकंदाला २५ चित्रं असतात आणि लॅपटॉप टीव्हीला सवयीने सेकंदाला ६० पाठवतो. साठ भागिले पंचवीस म्हणजे २.४, त्यामुळे काही चित्रं दोनदा दाखवली जातात आणि काही तीनदा. कॅमेरा मंडपातून सावकाश फिरतो तेव्हा चित्र अडखळत सरकतं, ते यामुळे. लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्याला बहुधा ६० च जमतात, पण आपल्याकडच्या टीव्हीला ५० ची ओळख प्रक्षेपणामुळे पहिल्यापासून आहे. विंडोज ७ किंवा नंतरची आवृत्ती असेल तर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून फक्त दुसरा पडदा चालू ठेवायचा, म्हणजे लॅपटॉपच्या पडद्याशी जुळवून घेण्याची सक्ती संपते. डुप्लिकेट ठेवलं तर लॅपटॉपचं १२८०×८०० सारखं मापही टीव्हीवर लादलं जातं, ते वेगळंच. मग डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ५० करायचा. व्हीजीएवर मधला कन्व्हर्टर ५० स्वीकारेलच असं नाही, आणि न स्वीकारल्यास पडदा काळा होतो. पंधरा सेकंद काही न दाबता थांबलं की विंडोज आपणहून मागच्या सेटिंगवर येतं. एचडीएमआय असलेल्या लॅपटॉपवर ही अडचण सहसा येत नाही, आणि प्रत्येक चित्र बरोबर दोनदा दिसतं.